साकवापर्यंत

आमच्या घरात कुणी जायला निघालं की आजो खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवायचा आणि पाहुण्याच्या आधी खळ्यात उतरायचा. पाहुणा नात्यातला असो नाहीतर जमिनीच्या कामाला आलेला तलाठी असो, त्याला व्हाळावरच्या साकवापर्यंत पोचवायचं हा त्याचा नेम. साकव म्हणजे माडाची दोन खोडं आणि वर आडव्या फळ्या. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरायचं. आजो अलीकडे उभा राहून एकेकाला पार करायचा आणि शेवटचा माणूस वळणाआड गेला की तोंडातल्या तोंडात आकडा मोजायचा. मग घरी येऊन आजीला सांगायचा, "सगळे पार झाले."

लहानपणी वाटायचं, म्हाताऱ्याची सवय आहे. ही सवय रंगूनहून आलेली आहे हे मला फार उशिरा कळलं.

आमचा आजो आझाद हिंद सेनेत होता. बंदूक घेतलेला शिपाई नव्हे, इस्पितळातला ऑर्डर्ली. मलमपट्टी, इंजेक्शनच्या सुया उकळणं, पेशंटला कूस बदलायला मदत करणं ही त्याची लढाई. गावात मात्र तो "नेताजीच्या फौजेतला" म्हणूनच ओळखला जायचा. आमच्याकडे या गोष्टीला आणखी एक वजन होतं. त्या फौजेचे चीफ ऑफ स्टाफ जगन्नाथराव भोसले हे सावंतवाडीच्या बाजूच्या तिरोड्याचे. डेहराडून, सँडहर्स्ट असं शिकून ते साहेब झाले, पण आजोच्या लेखी ते शेवटपर्यंत "आमचे तिरोड्याचे". लोकांचा समज असा, की भोसल्यांनीच आजोला फौजेत घेतलं. तसं काही नव्हतं. सिंगापूर पडलं तेव्हा जे हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती लागले, त्यांत आजो होता, इतकंच.

ते साल १९४२, फेब्रुवारीची १५ तारीख. आजीच्या कॅलेंडरात मात्र ते साल "तेची पत्रां बंद झाली तेव्हा" असं आहे. आधी दर महिन्याला येणारं कार्ड थांबलं. मग सरकारी कागद आला, माणूस बेपत्ता आहे म्हणून. आजी तेव्हा असेल अठरा-एकोणीस वर्षांची. सासूनं तिला काही सांगितलं नाही आणि तिनंही काही विचारलं नाही. फक्त रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज वाढताना ती एक वाडगा जास्त वाढायची. वर खाराची मिरची, शुक्रवार-सोमवार नसेल तर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा. तो वाडगा चुलीपाशी झाकून ठेवायचा आणि दुपारपर्यंत जो कुणी दारावरून जाईल, गुराखी, भंडारी, वाट चुकलेला भिकारी, त्याला द्यायचा. असं तिनं चार वर्षं केलं. "अन्न फुकट जावचा नाय, आणि तेचो वाटोही मोडाचो नाय," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

आता ब्रह्मदेश म्हटला की आमच्या कोकणी माणसाला तो काही अगदी परका मुलूख नाही. रत्नागिरीचा थिबा राजवाडा कुणी पाहिला नाही? मंडालेच्या त्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उठवलं आणि आमच्या समुद्राकाठी आणून बसवलं. तो परत गेलाच नाही, १९१६ साली तिथंच वारला. उलट आमचे टिळक सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात. आणि दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा रंगूनला पुरलेला. आजी म्हणायची, इंग्रजांनी इथली माणसं तिथं नि तिथली इथं नेऊन टाकली, जशी रोपं उपटून दुसऱ्याच्या वाफ्यात लावावी. त्या बादशहाच्या कबरीवर नेताजींनी १९४३ साली आपली फौज नेऊन मानवंदना दिली होती. आजो तेव्हा सिंगापुरातच होता, पण सांगताना तो आपण तिथं हजर असल्यासारखं सांगायचा.

हे आजोच्या गोष्टींचं वैशिष्ट्य. त्यानं पाहिलेलं, कैदेत इतरांकडून ऐकलेलं आणि पुढे गावातल्या मास्तरांनी पुस्तकातून वाचून दाखवलेलं, सगळं त्याच्या डोक्यात एकाच टोपात शिजलं होतं. मीही ते लहानपणी ऐकलं, अर्धं झोपेत. त्यामुळे तारखा मी नंतर पुस्तकांत पाहून लावून घेतल्यात. माणसं आणि बोलणं मात्र आजोचं.

तर रंगून. १९४४च्या पावसाळ्यात इम्फाळची मोहीम मोडली आणि फौज मागं फिरली. उपाशी, हिवतापानं पोखरलेली, पायांना चिखल्या झालेली माणसं इस्पितळात यायला लागली. आजोला त्या दिवसांबद्दल विचारलं तर तो फक्त पेजेबद्दल बोलायचा. औषध संपलं तरी पाणी होतं, तांदळाची कणी होती, मीठ होतं. ते शिजवून चमच्यानं पाजायचं. एका पंजाबी पोरानं त्याला विचारलं म्हणे, हे कसलं दूध? आजो म्हणाला, "आमच्या मुलखातल्या दूध." तो पोरगा वाचला की नाही हे आजोनं कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या एप्रिलात इंग्रज फौजा रंगूनजवळ येऊन ठेपल्या. जपानी शहर सोडून निघाले. नेताजी आधी जायला तयारच नव्हते. इथंच राहून लढू म्हणत होते. सहकाऱ्यांनी फार मनधरणी केली तेव्हा तयार झाले, पण झाशीची राणी पलटणीतल्या मुलींची सोय लागल्याशिवाय हलणार नाही या बोलीवर. ब्रह्मदेशातल्या मुलींना त्यांच्या घरी पोचवलं गेलं. मलाया-सिंगापूरच्या मुलींना त्यांनी बरोबर घेतलं. २४ एप्रिल १९४५च्या रात्री तो तांडा निघाला.

निघण्याआधी त्यांनी मागं राहणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि जवानांसाठी निरोपाचा हुकूम लिहून दिला होता. तो इस्पितळाच्या आवारात वाचून दाखवला गेला. आजो सांगायचा, झाडाखाली उभे होतो, वाचणाऱ्याचा आवाज मध्येच बसत होता, मग तो पाणी प्यायचा नि पुढं वाचायचा. त्यातलं आजोच्या लक्षात राहिलेलं एवढं: जड मनानं जातोय. पहिला डाव आपण हरलो, पण डाव अजून पुष्कळ आहेत. खाली मान घालायची वेळ आली तरी शिस्त आणि इभ्रत सोडू नका. आणि पुढं जी पोरं स्वतंत्र देशात जन्माला येतील, ती तुमचं नाव घेतील. हे शेवटचं सांगताना आजो आमच्याकडे, म्हणजे पडवीत बसलेल्या पोरासोरांकडे, एकदा बघून घ्यायचा. आम्ही तेव्हा भाजलेल्या फणसाच्या आठळ्या सोलण्यात दंग.

रंगूनला मागं राहिले ते सुमारे पाच-सहा हजार. त्यांच्यावर नेमलेले मेजर जनरल लोगनाथन हे पेशानं डॉक्टर. याचा आजोला कोण अभिमान! "शहर डॉक्टराच्या हातात दिल्यानी," असं तो पुन्हापुन्हा म्हणायचा, जणू ते साऱ्या इस्पितळाच्या हातात दिलं होतं. आणि खरंच, त्या दिवसांची थोरवी मला आता कळते. युद्धाआधी रंगूनची निम्म्याहून जास्त वस्ती हिंदी होती. तमिळ, तेलुगू, बंगाली, गुजराती, हमाल, कारकून, सावकार. १९४२ साली इंग्रज शहर सोडून गेले तेव्हा मधल्या काळात लूटमार माजली होती आणि लाखो हिंदी माणसं डोंगर-जंगलांतून पायी मायदेशाकडे निघाली होती. ते पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे मागं राहिलेल्यांचं काम. जपानी गेलेले, इंग्रज यायचे. मधल्या त्या आठवडाभरात आझाद हिंदच्या माणसांनी रस्त्यांवर पहारे दिले. रंगूनच्या तुरुंगातल्या इंग्रज कैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं की जपानी गेलेत, म्हणजे वरून जाणाऱ्या त्यांच्या विमानांना कळावं. मेच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज आले, आणि लोगनाथनांच्या माणसांनी शहर शाबूत ताब्यात देऊन शस्त्रं खाली ठेवली. मग त्याच तुरुंगात त्यांची रवानगी झाली.

कॉलेजात गेल्यावर मला इतिहासाची खुमखुमी आली होती. मी आजोला एकदा विचारलं, "तुम्हांला मागं ठेवून गेले, याचा राग नाही आला?"

आजो सुपारी कातरत होता. अडकित्ता थांबला. "राग कसलो गो? घर सोडून जाताना कोणाक तरी राखणेक ठेवचाच लागता मां. आणि राखणेक कोणाक ठेवतत? जेच्यार विश्वास आसा तेका."

मग सुपारीची खांडं माझ्या तळहातावर ठेवली आणि सितांग नदीची गोष्ट सुरू केली. रंगूनहून बँकॉककडे जाणारी वाट वैऱ्याची. दिवसा विमानं गोळ्या झाडायची, म्हणून चालायचं रात्री. गाड्या चिखलात रुतल्या, मोडल्या, मग सगळे पायी. नेताजींच्या पायांना फोड आले. जपान्यांनी गाडी पुढं केली तरी ती त्यांनी घेतली नाही, मुली चालतात तर मीही चालणार म्हणाले. नदी आली तेव्हा जपानी अधिकारी घाई करत होते, तुम्ही आधी पार व्हा. ते अडून बसले. इथं आजोचा आवाज चढायचा. "आदी चेडवां पार केल्यानी, मगे आपण गेले!"

आणि आतून, चुलीपुढून, आजीचा आवाज यायचा, "तुमी खंय होतास थंय? तुमी तर रंगुनाक!"

आजो गप्प बसायचा. तिचं बरोबर होतं. ही गोष्ट त्याला पुढं बंगालमधल्या कैदी छावणीत कुणा ड्रायव्हरनं सांगितलेली. पण साकवावर पोरीबाळींना आधी पार करून, मग पुरुषमाणसांना सोडणारा आजो मी पाहिलाय. त्यामुळे तो तिथं नव्हता हे मला नुसतं माहीत आहे.

बँकॉकला तो तांडा मेच्या मध्यावर पोचला. पुढची कहाणी आजोची नव्हेच, ती आमच्याकडे मास्तरांमुळे आली. नेताजींच्या सरकारात प्रसिद्धीमंत्री असलेले एस. ए. अय्यर युद्धाआधी मुंबईत पत्रकार होते. त्यांनी १९५१ साली आपल्या आठवणींचं इंग्रजी पुस्तक काढलं, 'अन्टू हिम अ विटनेस'. मास्तरांनी ते कुठूनसं मिळवलं. पावसाळ्यात दर शनिवारी कंदिलाच्या उजेडात ते एकेक पान वाचून त्याचं मराठी करून सांगत. हे बाबांच्या लहानपणी. बाबा सांगतात, आजी एरवी पुरुषांच्या बैठकीत यायची नाही, पण त्या शनिवारी ती माजघराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. एकच सूप रात्रभर निवडायची.

१९४५च्या ऑगस्टात जपान शरण जाणार ही बातमी नेताजींना मलायात, सेरेम्बानला कळली. ते मोटारीनं सिंगापूरला आले. समुद्रकाठच्या बंगल्यात दिवसरात्र बैठका. कुणाला किती महिन्यांचा पगार द्यायचा, मुलींना घरी कसं पोचवायचं, इंग्रज आले की कुणी काय बोलायचं. त्याच गडबडीत १४ तारखेला त्यांनी एक दात काढून घेतला, आणि संध्याकाळी मुलींनी बसवलेलं झाशीच्या राणीवरचं नाटक बघायला गेले. हे ऐकून उंबऱ्यावरून आजी म्हणाली होती, "दात काढलेल्या माणसान दोन दिवस पेज पियाची. तेंका कोणी दिल्यानी काय नाय?" मास्तरांना उत्तर देता आलं नाही. त्यांनी पान उलटलं.

सिंगापूरच्या किनाऱ्यावर शहीद जवानांचं स्मारक उभं राहत होतं, कर्नल स्ट्रेसी यांच्या देखरेखीखाली. इंग्रज उतरायच्या आत ते पुरं करा, असं नेताजींनी स्ट्रेसींना सांगितलं, आणि त्यांनी ते केलं. त्यावर तीन शब्द होते: इत्तफाक, इत्माद, कुर्बानी. एकी, विश्वास, त्याग. इंग्रजांनी पुढच्याच महिन्यात ते सुरुंगानं उडवलं. आजोच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतल्या बाजूनं हेच तीन शब्द खिळ्यानं कोरलेले आहेत, देवनागरीत, वेडेवाकडे. मधला शब्द "इतमाद" असा. "कु"चा उकार आधी राहिलेला आणि मग खाली वेगळा जोडलेला. गंजामुळे आता बोट फिरवूनच वाचावे लागतात. ती पेटी माझ्याकडे आहे, तिच्यात मी हिवाळी कपडे ठेवते.

नेताजींनी जावं की राहून कैद व्हावं, यावर खूप वाद झाला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, जा. फौजेसाठी शेवटचा हुकूम लिहिला गेला, त्यात अवचित संकट कोसळल्याचं सांगून, दिल्लीला जाणाऱ्या वाटा अनेक आहेत आणि दिल्लीच आपला मुक्काम आहे, असा धीर होता. सिंगापूरची सूत्रं मेजर जनरल कियानींच्या हाती दिली आणि १६ ऑगस्टला सकाळी ते निघाले. बँकॉक, मग दुसऱ्या दिवशी सायगाव.

सायगावला जपान्यांनी सांगितलं, विमानात जागा एकच. बऱ्याच बोलाचालीनंतर दोन झाल्या. बरोबर सहा जण होते: अय्यर, देवनाथ दास, गुलझारासिंग, प्रीतमसिंग, आबिद हसन आणि हबीबुर रहमान. "जयहिंद" हा शब्द दिला तो याच आबिद हसननं. दुसरी जागा हबीबुर रहमानना मिळाली. तुम्हांला मागून आणायची व्यवस्था होईल, असं उरलेल्या पाचांना सांगितलं गेलं. विमानतळावर सगळी घाई. पंखे फिरायला लागलेले, सूर्य कलायला आलेला. नेताजींनी एकेकाचा हात हातात घेतला, जयहिंद म्हणाले आणि शिडी चढले. भाषण नाही, काही नाही. चाळीस हजारांची फौज उभी केलेल्या माणसाच्या निरोपाला धावपट्टीवर पाच जण उभे.

दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्टला, तैवानातल्या तैहोकूला विमान कोसळलं.

मास्तरांनी ते पान वाचलं त्या शनिवारी आजो न बोलता उठला आणि मास्तरांना पोचवायला साकवाकडे गेला. नेहमीपेक्षा उशिरा परतला. १९५६ साली शहानवाझ खानांच्या समितीनं नेताजींचा मृत्यू तिथंच झाला असा निर्वाळा दिला, तेव्हा गावात कुणी त्याला विचारलं, तुका काय वाटता? आजो म्हणाला, "आमच्यात कोण 'जातंय' म्हणता? 'येतंय' म्हणान जाता." यावर तो जास्त कधी बोलला नाही. मला अहवाल पटतो. आजोचं वाक्यही पटतं.

या सगळ्या माणसांचं पुढं काय झालं ते पाहिलं तर गळा दाटतो. ज्यांना बरोबर नेलं ते हबीबुर रहमान आणि ज्यांच्यावर सिंगापूर सोपवलं ते कियानी, दोघेही फाळणीनंतर पाकिस्तानात गेले. आबिद हसन आणि स्ट्रेसी भारताच्या परराष्ट्र सेवेत. आमचे भोसले केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले आणि निर्वासितांच्या पोरांसाठी दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. उघड्यावर पडलेल्या मुलांना कवायत, गाणी, स्वच्छ कपडे. आजो म्हणायचा, तीही राखणच.

आजो स्वतः सुटला तो १९४६च्या सुरुवातीला. चौकशीत इंग्रजांनी माणसांचे पांढरे, करडे, काळे असे रंग पाडले होते. आजो काळ्यांत गेला, म्हणजे नोकरीही गेली आणि तुंबलेला पगारही. मुंबईत गिरगावच्या चाळीत त्याची बहीण राहायची. तो तिच्याकडे उतरला आणि नेमकं तेव्हाच, १८ फेब्रुवारीला, नौसैनिकांचं बंड उठलं. आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांवरच्या लाल किल्ल्यातल्या खटल्यानं लोक आधीच पेटलेले. त्यांचे वकील भुलाभाई देसाई यांचं नाव चाळीचाळीत. इंग्रजांनी बंडवाल्या खलाशांचं अन्न तोडलं तेव्हा मुंबईकरांनी गेटवेवर भाकऱ्या, फळं, जे घरात असेल ते नेऊन दिलं. आमच्या आत्येआजीनं आठ भाकऱ्या आणि लसणीची चटणी फडक्यात बांधली. आजो तापानं फणफणलेला, तरी म्हणाला, मी नेतंय. तिनं त्याला दाराला आतून कडी घालून कोंडला आणि स्वतः गेली. ही गोष्ट ती नव्वदाव्या वर्षीही सांगायची आणि भाकऱ्यांचा आकडा दर वेळी वाढायचा. मी ऐकलेला शेवटचा आकडा चाळीस.

शिमग्याच्या तोंडावर तो वेंगुर्ल्याच्या बंदरात आगबोटीतून उतरला आणि पेटी डोक्यावर घेऊन चालत घरी आला. दारात आला तेव्हा दुपार झाली होती. आजीनं पाहिलं. बोलली नाही. चुलीपाशी झाकलेला वाडगा उचलून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. पेज थंड झाली होती, वर साय धरली होती. त्यानं ती तशीच प्यायली.

फौजेचं पेन्शन आलं ते १९७२नंतर. पहिल्या पैशांतून त्यानं साकवाला एका बाजूनं हाताला धरायला बांबूचा कठडा करून घेतला.

त्याला शेवटचं पाहिलं ते मी बाळंतपणानंतर मुंबईला परत निघाले तेव्हा. तो अंथरुणावर होता, कमरेपासून खाली हलत नव्हता. मी पाया पडले, म्हटलं, "आजो, येतंय हां." त्यानं माझा नव्हे, माझ्या कडेवरच्या लेकीचा हात हातात घेतला, मग खुंटीवरच्या टोपीकडे बघितलं. आजी समजली. तिनं टोपी काढून त्याच्या उशाशी ठेवली, कोनाड्यातला कंदील घेतला आणि पदर खोचून माझ्यापुढं चालायला लागली. साकवावर उभी राहून तिनं आधी लेकीला माझ्या भावाकडे पलीकडे दिलं, मग मला हात दिला, मग सामानवाल्याला सोडलं.

ती घरी परतली तेव्हा आजोनं डोळे मिटूनच विचारलं, "चेडू पार झालां?"

"झालां," आजी म्हणाली, आणि कंदील बारीक केला.